प्रत्येक बोटीला आपापला वारा

कुंभकोणमच्या जुन्या घरांत अजूनही काही विलक्षण फोटो सापडतात. एखादी आजीबाई खुर्चीत ताठ बसलेली असते, नाकात बेसरी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, चेहरा जन्मात कधी कावेरीच्या पलीकडे न गेल्यासारखा. आणि तिच्या पाठीमागे एक अफाट बंदर. उंच उंच इमारतींची रांग, घुमट, घड्याळाचा मनोरा, एक पूल आणि पाण्यात धूर सोडणाऱ्या चार आगबोटी. आजीबाईंच्या अंबाड्यातूनच एक बोट निघाल्यासारखी वाटते.

ते बंदर माझ्या मामांचं. सेतुमाधवराव त्यांचं नाव, पण ते घरात आणि कागदावर. गावात त्यांना सगळे ‘कप्पल राव’ म्हणत. कप्पल म्हणजे तमिळमध्ये जहाज. ज्या माणसाने वयाच्या पासष्टीपर्यंत समुद्र पाहिला नाही, त्याला आमच्या गावाने हे नाव दिलं होतं.

माझी आई मी लहान असताना गेली. मामा-मामींनी मला वाढवलं. आज मी पन्नाशीकडे झुकलो आहे, नागपट्टणमच्या शाळेत मास्तर आहे, आणि मामांची आठवण आली की मला हसू आधी येतं आणि मग काहीतरी टोचतं. त्या टोचणीबद्दलही लिहायचं आहे, पण आधी मामांबद्दल.

मामा पडदे रंगवत. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कसल्याशा कामावर होते म्हणतात. दरबार गेला, मग पूर्वजांचं कामही गेलं, आणि मामांच्या वाट्याला फक्त चांगला हात आला. नाटकवाल्यांसाठी ते राजवाडे आणि अरण्यं रंगवीत. पण त्यांचं खरं राज्य होतं महामहम तळ्याजवळच्या गोविंदस्वामीच्या फोटो स्टुडिओत. गोविंदस्वामीने एकदा सांगितलं, “राव, त्याच त्या बागा आणि कुंड्या नकोत. काहीतरी मोठं काढा.” मामांनी बंदर काढलं. सरस, खडू आणि काजळी. फोटोत रंग येत नाही, म्हणून सगळं बंदर करड्या रंगाचं. समुद्र करडा, आकाश करडं, बोटी काळ्या. आम्हाला घरी वाटे की मोठी बंदरं राखेचीच असतात.

पाहिल्यावाचून काढलं कसं, तर डब्यांवरून. गावात साहेबलोकांच्या घरून बिस्किटांचे, कोकोचे रिकामे डबे विकायला येत. त्यांच्या झाकणांवर बोटी असत. एक बोट बिस्किटाच्या डब्यावरची, एक एका आगबोट कंपनीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली, घुमट औषधाच्या बाटलीवरचा, पूल कुणाला तरी आलेल्या पोस्टकार्डावरचा. मामींनी डाळी भरून ठेवलेल्या डब्यांची झाकणं सकाळी उठून पाहावीत तर नाहीशी झालेली असत. मामी म्हणत, “तुझ्या मामांच्या बंदरात सगळं आहे रे गोपाळा. चार बोटी आहेत. तांदूळ तेवढे उतरत नाहीत.”

मामांच्या हातात नेहमी एक काळी छत्री असे. ती उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. पाऊस आला तरी ते ती काखेत धरून भिजत चालत. रंगवताना तिच्यावर मनगट टेकायचं, तिने अंतर मोजायचं, वेळप्रसंगी तिच्या टोकाने रंग ढवळायचा. “छत्री उघडली की ती छत्रीच होते,” असं ते म्हणत.

आणि कुठलीही गोष्ट पाहायची म्हणजे एक डोळा मिटून मागे सरकायचं, ही दुसरी सवय. पडद्यापासून तर सरकतच, पण आमटीच्या वाटीपासून, भांडणापासून, नव्या जावयापासूनही सरकत. “जवळून सगळंच चुकलेलं दिसतं. दोन पावलं मागे जा, मग बोल.” असे मागे सरकत ते एकदा आमच्या गल्लीतल्या गटारात गेले. तिथून वर पाहत म्हणाले, “इथून आपलं घर बरं दिसतं.”

ते बंदर कुठलं, हे मामांनी कधी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं. ज्याने विचारलं त्यालाच ते उलट विचारत. “तुमचा मुलगा कुठे आहे? रंगूनला? मग हे रंगूनच.” एकदा सबकलेक्टर साहेब फोटो काढायला आला. पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि दुभाष्याकडून विचारलं, हे शहर कोणतं. मामा म्हणाले, “साहेबांना कुठलं वाटतं ते विचारा.” साहेबाने आपल्या विलायतेतल्या कुठल्याशा गावाचं नाव घेतलं. “तेच ते,” मामा म्हणाले. साहेब खुर्चीत बसला तो कॅमेऱ्याकडे पाठ करून. गोविंदस्वामीला त्याला वळवायला फार कष्ट पडले.

पापनाशमची एक म्हातारी, तिचा मुलगा पिनांगला कामाला गेलेला. तिला त्याला फोटो पाठवायचा होता. पडदा पाहून ती मामांना म्हणाली, “सामी, यात त्याचं घर कुठलं?” गोविंदस्वामी हसू दाबत बाहेर गेला. मामा हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, वर राहतो की खाली, समुद्राच्या बाजूला की आत. मग कुंचला पांढऱ्यात बुडवून तिसऱ्या इमारतीत एक खिडकी उजळली. “आता दिवा लागलाय. घरी आहे तो.” म्हातारी फोटोत त्या खिडकीच्या अगदी शेजारी बसली. पुढे दुसऱ्या बायका येऊन खिडक्या मागू लागल्या. मामांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. काही वर्षांत त्या शहरात इतके दिवे लागले की भर दुपारच्या आकाशाखाली सणासारखं दिसे.

या बंदरावर उभ्या आयुष्यात टीका करणारा एकच निघाला. रंगूनच्या बोटीवर कोठारावर नोकरी करून आलेला एक पिळ्ळै होता. तो स्टुडिओत आला, पडदा पाहिला आणि म्हणाला, “राव, या बोटीचा धूर डावीकडे चाललाय, त्या बोटीचा उजवीकडे. एका बंदरात दोन वारे कसे?”

मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. दोन बोटी दोन डब्यांवरच्या होत्या, आणि डब्यांनी आपापसांत ठरवून घेतलं नव्हतं. पण मामा म्हणाले, “माझ्या बंदरात प्रत्येक बोटीला आपापला वारा आहे.”

“असं कुठे असतं?”

“तुमच्या बंदरात नसेल.”

पिळ्ळैने ही गोष्ट कॉफीच्या दुकानात सांगितली. लोक मामांना वाटेत थांबवून, बोट ओलं करून हवेत धरत आणि विचारत, “कप्पल राव, आज कुठला वारा, तुमचा की आमचा?” मामा कॉफीच्या दुकानाच्या गल्लीने जायचे बंद झाले. घरी मी एकदा म्हटलं, “मामा, धूर फिरवून टाका ना. दोन तासांचं काम.” ते माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. रात्री पानावर बसताना एवढंच म्हणाले, “ते बंदर चुकलेलं नाही. ते तसं आहे.”

मग माझ्या लग्नाची गोष्ट निघाली.

तिरुविडैमरुदूरला आपल्याच मंडळींतले एक शास्त्री होते. वयाने साठीच्या पुढचे, वैदिक, कडक. नळाचं पाणी न पिणारे. त्यांची नात लग्नाची होती. पत्रिका जुळली. मुलीला मी देवळात लांबून पाहिलं होतं, आणि खरं सांगतो, त्यानंतर मला दुसरं काही सुचत नव्हतं. मुलाचा फोटो पाठवा असा निरोप आला. मामा हर्षाने म्हणाले, “फोटो ना? आपल्या घरचं काम.” मला कोट घालून बंदरासमोर उभं केलं. फोटो उत्तम आला. मध्यस्थी करणारे वासुदेवभट तो घेऊन गेले.

आठवड्याने भटजी परत आले, ते फोटो आणि पत्रिका दोन्ही घेऊन. ओसरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, “जमत नाही. शास्त्री म्हणतात, समुद्र ओलांडलेल्या मुलाला आमच्या घरची मुलगी देणार नाही.”

“कुणी ओलांडला समुद्र?” मामींनी आतून विचारलं.

“यानेच. फोटोत उभा आहे ना परदेशात. शास्त्रींनी सगळ्या घराला दाखवलं. म्हणाले, पाहा, मागे म्लेंच्छांचं शहर. प्रायश्चित्त घेतलं तरी मला चालायचं नाही.”

 मी मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा दिवाळीतल्या पणतीसारखा झाला होता.

“काय म्हणाले? पुन्हा सांगा.”

भटजींनी पुन्हा सांगितलं.

“त्यांना खरं वाटलं?”

“अहो खरं वाटलं म्हणूनच तर मोडलं.”

“सगळ्या घराला?”

“बंदर पुरे,” मामी दारात येऊन म्हणाल्या. “त्या पोराचं तोंड बघा.” मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक डोळा मिटून दोन पावलं मागे गेले, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा आनंद एकदम मावळला. दुसऱ्या दिवशी गोविंदस्वामीच्या स्टुडिओतून पडदा उतरवून, गुंडाळून, बैलगाडीत घालून आम्ही तिरुविडैमरुदूरला निघालो. मामा गुंडाळीला टेकून बसले होते, छत्री मांडीवर.

शास्त्रींच्या घरासमोर ओट्याच्या दोन खांबांमध्ये पडदा सोडला. सगळा रस्ता जमला. बायका दारांच्या फटींतून, मुलं खाली, म्हातारे ओट्यांवर. बंदर त्या ब्राह्मणांच्या अग्रहारातल्या रस्त्यात एकदम उलगडलं तेव्हा खरोखर वारा आल्यासारखं झालं. एक वासरू दचकून मागे सरलं.

शास्त्री बाहेर आले. त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मागे जाऊन त्याची दुसरी बाजू पाहिली. तिथे मांजरपाटाची ठिगळं होती.

“कापड आहे,” ते म्हणाले.

“कापडच आहे शास्त्रीजी. मुलगा कुंभकोणमातून कुठे गेलेला नाही.”

मी श्वास सोडला. वासुदेवभटांनी पानाचा डबा उघडला. आणि शास्त्री शांतपणे म्हणाले, “काढलं कुणी?”

“मीच काढलं,” मामा म्हणाले. त्यांना ते म्हटल्यावाचून राहवलं नाही.

“मग तुम्ही गेला होता.”

“मी? छे. मी कुठेच गेलो नाही.”

“सेतुमाधवराव, न पाहिलेली वस्तू माणूस एवढी हुबेहूब काढीत नाही. खिडकी न् खिडकी आहे. तुम्ही हे शहर डोळ्यांनी पाहिलं आहे. समुद्र तुम्ही ओलांडलात. हा मुलगा जन्मभर तुमच्या पंक्तीला जेवला. गोष्ट तीच झाली.”

 मी मामांकडे पाहत होतो. त्यांच्या कलेबद्दल इतकं मोठं बोलणं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, पुढेही ऐकलं नाही. ते मुकाट्याने मान खाली घालून स्वीकारायचं की माझं लग्न वाचवायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. दारामागे बांगड्या वाजल्या. त्या कुणाच्या ते मला माहीत होतं. मला वाटतं मामांनाही कळलं.

त्यांनी छत्री उचलली आणि तिचं टोक पहिल्या बोटीवर ठेवलं.

“शास्त्रीजी, जरा जवळ या. हा धूर कुठे चाललाय?”

“डावीकडे.”

“आणि हा?”

शास्त्रींनी वाकून पाहिलं. “उजवीकडे.”

“एका बंदरात दोन वारे असतात का?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मामा थांबले नाहीत. “हा मनोरा पाहा. पाण्यात घुमटाची सावली पडली आहे, मनोऱ्याची नाही. विसरलो. हा दोर बोटीला बांधलाय, दुसरं टोक कशालाच बांधलेलं नाही. ही पुढची होडी मोठ्या बोटीपेक्षा मोठी झाली. ती कोकोच्या डब्यावरची आहे, डबा मोठा होता. भर दुपारी दिवे लागलेत. घड्याळात काटा एकच आहे.” प्रत्येक चुकीला लोक हसत. आधी दबून, मग मोकळे. शेवटी शास्त्रींच्या घरातल्या बायकाही हसल्या. मामा वकिलाने साक्षीदार उलटा तपासावा तसे आपलं बंदर तपासत होते.

मला प्रत्येक चुकीला हायसं वाटत होतं. आणखी एक सापडू दे, आणखी एक, असं मी मनात म्हणत होतो. हीच ती टोचणी. ज्या धुरासाठी ते माझ्याशी बोलायचे बंद झाले होते, तो त्यांनी माझ्यासाठी भर रस्त्यात पहिल्यांदा काढून दाखवला, आणि मी आनंदात होतो.

“तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं?” शास्त्रींनी विचारलं.

“होतं.”

“मग दुरुस्त का केलं नाहीत?”

“दोन पावलं मागे गेलं की दिसत नाही, शास्त्रीजी.”

शास्त्री दोन पावलं मागे गेले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “समुद्र पाहिलाय तुम्ही?”

“अजून नाही.”

“बोट?”

“डब्यावर.”

शास्त्रींच्या पांढऱ्या मिशीखाली काहीतरी हललं. “मुलगा आमचा,” ते म्हणाले. “पण राव, तो धूर तेवढा एका बाजूला करून घ्या. डोळ्यांना खुपतो.”

“नको शास्त्रीजी. धूर सरळ झाला तर लग्न मोडेल.”

तेव्हा मात्र शास्त्री मोठ्याने हसले.

  परतताना गावाच्या वेशीजवळ मामा म्हणाले, “गोपाळा, फोटो पाहिला तेव्हा त्यांना खरंच वाटलं होतं ना?”

“आठवडाभर वाटलं होतं मामा.”

“आठवडाभर,” ते म्हणाले, आणि पडद्यावर डोकं ठेवून झोपी गेले.

लग्न झालं. लग्नाचा फोटो त्याच पडद्यासमोर काढला, शास्त्रींसकट. पुढे गोविंदस्वामीच्या मुलाने जिन्याचा आणि मोरांचा नवा पडदा आणला, आणि बंदर गुंडाळून आमच्या माळ्यावर गेलं. मला नागपट्टणमला नोकरी लागली. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. मी दर वर्षी मामांना बोलावी. ते येत नसत. “शास्त्रींसमोर ‘अजून नाही’ म्हणून बसलोय,” ते म्हणत. “ते आहेत तोवर तसंच असू दे. तुझा संसार आहे.” मी समजावून सांगे की किनाऱ्यावरून समुद्र पाहायला शास्त्राची कुठलीच हरकत नाही, उलट पुण्य आहे. “तुला शास्त्र कळतं, शास्त्री कळत नाहीत,” मामा म्हणत.

शेवटी शास्त्रींनीच त्यांना आणलं. पौषातल्या अमावास्येला समुद्रस्नान करायची त्यांची इच्छा होती. वय ऐंशीच्या घरात, सोबत कोण, तर त्यांनी मामांचं नाव घेतलं. दोन म्हातारे आगगाडीने आमच्याकडे उतरले. आणि पहाटेनंतर आम्ही वाळूत गेलो.

सूर्य वर आला होता. मामा वाळूच्या उंचवट्यावर थांबले.  मग हळूच म्हणाले, “रंगीत आहे.”

शास्त्री गुडघाभर पाण्यात गेले होते. दूर दोन आगबोटी होत्या. एक नांगरून पडलेली. तिचा धूर मंद वाऱ्याबरोबर उजवीकडे चालला होता. दुसरी नुकतीच सुटली होती, वाऱ्याच्याच दिशेने, पण वाऱ्यापेक्षा वेगाने. ती धुराला मागे टाकत चालली होती, आणि तिचा धूर लांबच लांब डावीकडे पसरला होता. एकच बंदर, एकच सकाळ, एक धूर डावीकडे, एक उजवीकडे.

मी मामांकडे वळलो. त्यांनी एक डोळा मिटला होता. ते वाळूत दोन पावलं मागे गेले. पुन्हा पाहिलं.  मला वाटलं आता ते ओरडतील, पिळ्ळैला हाक मारतील, कॉफीच्या दुकानातल्या एकेकाचं नाव घेतील.

तसं काही झालं नाही. त्यांची नजर पाण्यात उभ्या शास्त्रींवर गेली. शास्त्रींचं तोंडही त्याच दोन धुरांकडे होतं, आणि मामांची सगळी साक्ष त्या धुरांवर उभी होती. मामांचा चेहरा एकदम घाबरा झाला. धोतर सावरत ते पाण्यात धावले आणि ती छत्री, जी मी जन्मात उघडलेली पाहिली नव्हती, कडकड करत उघडून शास्त्रींच्या पुढे धरली.

“राव, हे काय? मी अर्घ्य देतोय. तुम्ही सूर्य झाकलात.”

मामांनी छत्री थोडी उजवीकडे केली. सूर्य मोकळा झाला, बोटी झाकलेल्याच राहिल्या. “वारा फार आहे, शास्त्रीजी.”

“कुठला वारा?”

 शास्त्रींनी ओंजळ सोडली. मग समोरच्या काळ्या कापडाकडे निवांत पाहत म्हणाले, “छत्रीला भोकं पडली आहेत राव.”

मामांनी घाईने छत्री फिरवली.

“पडू देत,” शास्त्री म्हणाले. “मला तीन पणतवंडं आहेत. आणि आता लांबचं दिसत नाही.”

तरीही मामांनी छत्री मिटली नाही. मी काठावरून पाहत होतो. लाटा दोघांच्या पोटऱ्यांवर फुटत होत्या, शास्त्री मंत्र म्हणत होते, आणि मामा दोन्ही हातांनी दांडा धरून, त्या भोकांपैकी एकाला डोळा लावून, दुसरा मिटून, आपलं बंदर पाहत उभे होते.